जेम्स वेबच्या मूळ फाइलींमधून स्वतः रंगीत चित्र कसं तयार करायचं

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची पहिली रंगीत चित्रं जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातलं 'कॉस्मिक क्लिफ्स' म्हणजे एनजीसी ३३२४ या तेजोमेघाच्या कडेचं चित्र. तेजोमेघ आपल्यापासून सुमारे ७,६०० प्रकाशवर्षं दूर आहे आणि चित्र सहा फिल्टरमधून (ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्यांमधून) घेतलेल्या सहा कृष्णधवल प्रतिमांवरून तयार झालं. त्या सहाही फाइली सर्वांसाठी खुल्या आहेत. साधा लॅपटॉप, फुकट मिळणारी दोन सॉफ्टवेअर आणि शांतपणे बसायला एक दिवस, एवढ्यावर हे चित्र घरी बनतं. पुढे सगळीकडे उदाहरण याच चित्राचं घेतलं आहे, कारण या कामात येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्यात भेटतात.

कामभर एकच नियम पाळायचा: अंतिम चित्रात जे दिसेल ते मूळ फाइलीत बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. रंग आपण देतो, उजळपणा आपण ठरवतो. पण आकार, धागे आणि ठिपके दुर्बिणीचेच असले पाहिजेत.

फाइली शोधणं

वेबची सगळी निरीक्षणं 'मास्ट' या संग्रहात असतात. तिथल्या शोध-पानावर मोहीम म्हणून जेम्स वेब निवडा, प्रस्ताव क्रमांकाच्या जागी २७३१ लिहा आणि उपकरण म्हणून निरकॅम, म्हणजे दुर्बिणीचा अवरक्त कॅमेरा, घ्या. खुल्या फाइलींसाठी खातं उघडावं लागत नाही. बऱ्याच संशोधन-प्रस्तावांची माहिती पहिले १२ महिने फक्त त्या संशोधकांपुरती राखीव असते. म्हणून एखादी फाइल यादीत दिसूनही उतरवता आली नाही, तर आधी तिचे हक्क खुले आहेत का ते पाहावं. २७३१ च्या बाबतीत हा प्रश्न नाही. शोधात मिरी या दुसऱ्या उपकरणाच्या फाइलीही येतील, त्या सध्या बाजूला ठेवा.

यादी शेकडो ओळींची येते आणि नवखा माणूस इथेच अडकतो. त्यातल्या बहुतेक फाइली एकेका डिटेक्टरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) एकेका एक्स्पोजरच्या (एका वेळच्या टिपणाच्या) असतात, नावाच्या शेवटी 'अनकॅल', 'रेट' किंवा 'कॅल' लिहिलेल्या. आपल्याला हव्यात त्या तिसऱ्या पातळीच्या, म्हणजे सगळी एक्स्पोजर जोडून तयार केलेल्या. त्यांच्या नावाच्या शेवटी 'आय२डी' असतं. डाउनलोडच्या खिडकीत कॅलिब्रेशन पातळी ३ आणि प्रकार 'आय२डी' अशी गाळणी लावली की प्रत्येक फिल्टरची एकच फाइल उरते.

हवे असलेले सहा फिल्टर असे: एफ०९०डब्ल्यू, एफ१८७एन, एफ२००डब्ल्यू, एफ३३५एम, एफ४४४डब्ल्यू आणि एफ४७०एन. नावातला आकडा शंभराने भागला की तरंगलांबी मायक्रॉनमध्ये (मीटरच्या दहा लाखाव्या भागात) मिळते. ०९० म्हणजे ०.९ मायक्रॉन, ४४४ म्हणजे ४.४४. शेवटचं अक्षर पट्टा किती रुंद ते सांगतं: डब्ल्यू रुंद, एम मध्यम, एन अरुंद.

नाव वाचताना एक हमखास होणारी चूक टाळा. बहुतेक फाइलींच्या नावात 'क्लिअर-एफ०९०डब्ल्यू' अशी जोडी दिसते. निरकॅममध्ये फिल्टरची दोन चाकं एकामागे एक असतात, त्यातल्या एकावर 'क्लिअर' म्हणजे मोकळी जागा असते. एफ४७०एन हा अरुंद फिल्टर मात्र दुसऱ्या चाकावर आहे आणि तो एफ४४४डब्ल्यूच्या सोबतच वापरला जातो. त्यामुळे त्याच्या फाइलीचं नाव 'एफ४४४डब्ल्यू-एफ४७०एन' असं असतं. ती फाइल एफ४४४डब्ल्यूची समजून घेतली, तर एकच प्रतिमा दोन थरांत येते आणि लाल भाग का सपाट दिसतोय ते शेवटपर्यंत कळत नाही. खऱ्या एफ४४४डब्ल्यूच्या नावात 'क्लिअर' शोधा.

आता आकार. ०.६ ते २.३ मायक्रॉनच्या आसपासच्या लघु तरंगलांबीच्या प्रतिमांचा पिक्सेल सुमारे ०.०३१ आर्कसेकंदाचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आणि दीर्घ तरंगलांबीच्या प्रतिमांचा सुमारे ०.०६३ आर्कसेकंदाचा असतो. लघु तरंगलांबीची जोडप्रतिमा साधारण १४,००० पिक्सेल रुंद आणि ८,५०० उंच भरते. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर एक थर पावणेपाचशे एमबीचा होतो आणि फाइलीत चित्राशिवाय त्रुटी, वजन वगैरेंचे आणखी थर असतात. म्हणून अशी एक फाइल तीन जीबीच्या पुढे जाते. दीर्घ तरंगलांबीच्या फाइली याच्या चौथा हिस्सा. डिस्कवर वीस जीबी मोकळी जागा हवी.

पहिल्यांदाच करत असाल तर फक्त एफ३३५एम, एफ४४४डब्ल्यू आणि एफ४७०एन या तीन दीर्घ तरंगलांबीच्या फाइलींवर सराव करा. तिघींचा पिक्सेल सारखाच असल्याने जुळवणी सोपी जाते. रंगांत फरक कमी दिसेल, पण हात बसेल.

फाइली उतरल्यावर प्रत्येकीच्या शीर्षभागातली (फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीतली) 'कॅल_व्हर' ही नोंद पाहा. तिच्यात प्रक्रिया-सॉफ्टवेअरची आवृत्ती असते. संग्रहातल्या फाइली सुधारित कॅलिब्रेशनने पुन्हा पुन्हा तयार केल्या जातात. अर्ध्या फाइली जुन्या संग्रहातल्या आणि अर्ध्या नव्या असं मिश्रण झालं की पार्श्वभूमी जुळत नाही. सहाही एकाच वेळी उतरवणं हा सरळ उपाय.

आधी जुळवणी, मग ताण

फाइल 'फिट्स' स्वरूपाची असते. तिचा पहिला भाग रिकामा असतो, त्यात फक्त नोंदी असतात. चित्र त्याच्या पुढच्या 'एससीआय' नावाच्या भागात असतं. उघडल्यावर काहीच दिसलं नाही तर बहुधा चुकीचा भाग उघडलेला असतो.

सहा प्रतिमा एकमेकींवर पिक्सेलशी पिक्सेल बसल्या पाहिजेत. पायथॉन थोडंफार येत असेल तर सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ॲस्ट्रोपाय आणि रिप्रोजेक्ट ही दोन पॅकेजं. प्रत्येक फाइलीच्या शीर्षभागात आकाशातल्या निर्देशांकांची माहिती असते. एफ४४४डब्ल्यूचा शीर्षभाग आदर्श म्हणून द्यायचा आणि बाकी पाचही प्रतिमा त्याच जाळीवर बसवून घ्यायच्या. काम दहा-बारा ओळींत होतं. या फाइलींतली एकक मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियन आहेत, म्हणजे पृष्ठतेजाची. त्यामुळे पिक्सेलचा आकार बदलला तरी किमतींना कशाने गुणावं-भागावं लागत नाही.

जाळी दीर्घ तरंगलांबीचीच निवडायचं कारण आहे. मोठ्या आकारात काम केलं तर सोळा-बिटचा एक रंगीत थर सातशे एमबीच्या वर जातो आणि सहा थर उघडले की सोळा जीबी मेमरीचा संगणकही रखडतो. लहान आकारात साधारण ७,००० पिक्सेल रुंदीचं चित्र मिळतं, छापायलाही ते पुरेसं आहे. पूर्ण आकार हवाच असेल तर रंगांचे निर्णय छोट्या प्रतीवर पक्के करून मग मोठ्यावर तेच आकडे लावा.

पायथॉन नको असेल तर जिम्प या फुकट मिळणाऱ्या चित्र-संपादकात हातानेही जुळवता येतं. लघु तरंगलांबीच्या प्रतिमा लहान करताना 'दोनाने भागलं' असं करू नका. प्रत्येक फाइलीच्या शीर्षभागात 'सीडेल्ट१' या नोंदीखाली एका पिक्सेलचा आकार अंशांत दिलेला असतो. दोन्ही फाइलींचे आकडे घेऊन भागाकार करा. तो २ नव्हे, तर सुमारे २.०५ येतो. फरक किरकोळ वाटतो, पण १४,००० पिक्सेलच्या रुंदीवर तो साडेतीनशे पिक्सेलपर्यंत जातो. मधले तारे जुळलेले आणि कोपऱ्यातले तारे दोन-दोन दिसत असतील, तर दोष या गुणोत्तरातच असतो. आकार बदलल्यावर वरच्या थराचा मोड 'डिफरन्स' करा आणि चारही कोपऱ्यांतले तारे जास्तीत जास्त काळे होईपर्यंत थर सरकवा, गरज पडल्यास किंचित फिरवा. एकच तारा पाहून समाधान मानू नका.

जुळवणी झाल्यावर कडा कापून टाका. तिथे कमी एक्स्पोजर एकावर एक पडलेली असतात, गोंगाट जास्त असतो आणि काही फिल्टरमध्ये तर माहितीच नसते.

काळी भोकं

जुळवणीच्याही आधी, म्हणजे मूळ फाइलींवरच, एक दुरुस्ती करावी लागते. तेजस्वी ताऱ्यांच्या मध्यभागी डिटेक्टरचे पिक्सेल भरून जातात. प्रक्रियेत त्यांना निरुपयोगी ठरवलं जातं आणि तिथे शून्य किंवा 'नॅन' (किंमत नाही अशी खूण) उरतो. चित्रात ताऱ्याच्या पोटात काळा ठिपका दिसतो. आधी प्रतिमा फिरवली किंवा लहान केली तर या काळ्या ठिपक्याची कड शेजारच्या पिक्सेलांत पसरते आणि मग तो भरून निघत नाही. पायथॉनमध्ये असे पिक्सेल शोधून त्यांना त्याच ताऱ्याच्या भोवतालची कमाल किंमत द्यायची. जिम्पमध्ये करायचं तर 'फझी सिलेक्ट'ने ठिपका निवडा, निवड दोन पिक्सेल वाढवा, कड किंचित मऊ करा आणि पांढरा भरा.

हे वरच्या नियमात बसतं का? बसतं. तिथे प्रकाश डिटेक्टरच्या मोजण्यापलीकडे होता एवढं नक्की ठाऊक आहे. पण चित्राबरोबरच्या नोंदीत हे लिहून ठेवा, आणि त्या पिक्सेलांवरून ताऱ्याचं तेज मोजायला जाऊ नका.

ताण देणं

खगोलीय प्रतिमेतला उजेड-अंधाराचा पल्ला पडद्यावर मावत नाही. जशीच्या तशी उघडली तर काळ्या पडद्यावर चार ठिपके दिसतात. म्हणून किमती ताणाव्या लागतात. 'फिट्स लिबरेटर' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर नेमकं याचसाठी आहे. त्यात फाइल उघडून 'एससीआय' थर निवडा आणि ताणाचं फलन 'आर्कसिंच' ठेवा. हे फलन मंद भागात जवळजवळ सरळ रेषेत चालतं आणि तेजस्वी भागात लॉगरिदमसारखं आवळत जातं. त्यामुळे धूसर वायू दिसतो आणि तारेही जळून जात नाहीत.

तीन आकडे ठरवायचे असतात. 'बॅकग्राउंड लेव्हल' म्हणजे जिथून ताण सुरू होतो ती किंमत. कर्सर सर्वांत काळोख्या भागावर फिरवून ती वाचा. 'पीक लेव्हल' म्हणजे तेजस्वी तेजोमेघाची किंमत. ती ताऱ्याची घेऊ नका, नाहीतर तेजोमेघ अंधारातच राहील. 'स्केल्ड पीक लेव्हल' ताणाचा जोर ठरवतं: १० वर सौम्य, १०० वर मध्यम, १,००० वर जोरदार. सुरुवात १०० पासून करा.

या चित्रात सर्वांत जास्त बिघडतो तो काळा बिंदू. कॉस्मिक क्लिफ्सच्या चौकटीत रिकामं आकाश जवळजवळ नाहीच. धुळीच्या कड्याच्या पलीकडे दिसणारा भाग तापलेल्या, आयनित (अणूंतून इलेक्ट्रॉन सुटलेल्या) वायूने भरलेला आहे. तो 'पार्श्वभूमी' समजून काळा केला तर कड्यावरून निघणारी वाफेसारखी झिरझिरीत झाक नाहीशी होते, आणि या चित्रातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच आहे. हिस्टोग्रामचा (छटांच्या आलेखाचा) डावा पाय शून्याला टेकू देऊ नका, थोडी जागा मोकळी ठेवा. चित्र या टप्प्यावर फिकट दिसलं तरी चालेल. शेवटी काळेपणा वाढवता येतो, कापलेली माहिती परत येत नाही.

प्रत्येक फाइल सोळा-बिट टिफ म्हणून साठवा. आठ-बिटमध्ये फक्त २५६ छटा असतात, पुढे वक्र ओढले की आकाशात पट्टे उमटतात.

रंग

निरकॅमचा प्रकाश अवरक्त आहे, डोळ्यांना दिसणारा नाही. तरीही रंग मनमानी नसतात. सर्वांत लांब तरंगलांबीला लाल, सर्वांत लहानीला निळा आणि मधल्यांना त्या क्रमाने मधले रंग, ही पद्धत सर्वमान्य आहे. प्रसिद्ध झालेल्या चित्रात एफ४४४डब्ल्यू लाल, एफ३३५एम नारिंगी, एफ४७०एन पिवळा, एफ२००डब्ल्यू हिरवा, एफ१८७एन निळसर-हिरवा आणि एफ०९०डब्ल्यू निळा होता. एफ४७०एन क्रमाला अपवाद ठरतो. एफ४४४डब्ल्यूचा रुंद पट्टा त्याला पोटात घेतो, म्हणून त्याला वेगळा उठून दिसणारा रंग दिला आहे.

कोणता फिल्टर काय दाखवतो हे कळलं की रंगांचे निर्णय सोपे होतात. एफ१८७एन आयनित हायड्रोजनची १.८७५ मायक्रॉनची रेषा पकडतो, एफ३३५एम बहुवलयी कार्बनी रेणूंची चमक आणि एफ४७०एन रेण्वीय हायड्रोजनची रेषा.

जिम्पमध्ये सहाही टिफ थर म्हणून उघडा. आयात करताना सोळा-बिट तसंच ठेवा आणि चित्र आरजीबी, म्हणजे लाल, हिरवी आणि निळी अशा तीन वाहिन्यांचं, करा. प्रत्येक थरावर 'कलराइझ' लावा. ह्यू अनुक्रमे ०, ३०, ६०, १२०, १८० आणि २४०, सॅच्युरेशन पूर्ण आणि लाइटनेस उणे ५० टक्के. लाइटनेसचा हा आकडा विसरला तर पांढरे भाग पांढरेच राहतात, रंग फक्त मधल्या छटांवर चढतो आणि सगळं चित्र धुतल्यासारखं दिसतं. मग वरच्या पाचही थरांचा मोड 'स्क्रीन' करा.

पहिला निकाल बहुतेक वेळा भडक आणि पिवळट-हिरवा येतो. त्याचं कारण हिशोबात आहे. लाल वाहिनीत लाल, नारिंगी आणि पिवळा असे तीन थर भर घालतात. हिरव्या वाहिनीत नारिंगीचा अर्धा, पिवळा, हिरवा आणि निळसर-हिरवा. निळ्याच्या वाट्याला मात्र दोनच. म्हणून मधल्या रंगांची अपारदर्शकता कमी करा. नारिंगी ७० टक्के, पिवळा ५०, निळसर-हिरवा ६० इथून सुरुवात करून वर-खाली करा. आमच्या मते पिवळा थर आणखी खाली आणून एफ४७०एनला फक्त जिथे तो वेगळं काही दाखवतो तिथेच बोलू देणं चांगलं.

शेवटचा समतोल ताऱ्यांवरून साधा. एकाच ताऱ्यावर विसंबू नका, कारण धुळीमागचे तारे खरोखरच लालसर दिसतात. कड्याच्या बाहेरचे वीस-तीस मध्यम तारे पाहा आणि त्यांचा सरासरी रंग पांढऱ्याच्या आसपास येईपर्यंत तिन्ही वाहिन्यांचे वक्र हलवा.

दोष कोणते, खरं काय

तेजस्वी ताऱ्यांना आठ टोकं असतात: सहा मोठी, आरशाच्या षटकोनी तुकड्यांमुळे, आणि दोन लहान आडवी, दुय्यम आरसा धरणाऱ्या दांड्यामुळे. ती पुसू नका. ही टोकं तरंगलांबीनुसार लांबतात, म्हणून त्यांच्यावर इंद्रधनुषी झाक येते. ती जुळवणीतली चूक वाटून लोक तासन्‌तास थर सरकवत बसतात. ओळखायची खूण अशी: रंगाची झाक ताऱ्याच्या सगळ्या बाजूंना सारखी असेल तर ते विवर्तन, म्हणजे कडांवरून जाताना प्रकाशाचं पसरणं. प्रत्येक ताऱ्याची लाल कड एकाच दिशेला असेल तर जुळवणी चुकली आहे.

मंद भागात बारीक समांतर रेघा दिसल्या तर तो डिटेक्टर वाचताना येणारा गोंगाट असतो. ओळीओळीची मध्यक किंमत वजा करून तो जातो, पण तेजोमेघाने भरलेल्या चित्रात ही वजाबाकी तेजोमेघही खाते. इथे तो भाग जास्त न ताणणं बरं. लघु तरंगलांबीच्या काही ठरावीक डिटेक्टरांवर धुरासारखे पांढरट फराटेही येतात. ते दुर्बिणीच्याच रचनेवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचे असतात. एखादा धागा खरा की फराटा अशी शंका आली तर तो दीर्घ तरंगलांबीच्या फाइलीत आहे का ते पाहा. एकाच फिल्टरमध्ये असेल आणि डिटेक्टरच्या कडेशी संपत असेल तर संशय धरा.

धार वाढवायची तर 'अनशार्प मास्क' एक ते दोन पिक्सेल त्रिज्येवर, हलक्या हाताने. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी धार वाढवणारी किंवा गोंगाट काढणारी साधनं इथे वापरू नयेत असं आमचं ठाम मत आहे. ती गोंगाटातून नसलेले धागे गुंफतात, आणि एकदा ते चित्रात आले की खऱ्या धाग्यांपासून वेगळे काढता येत नाहीत.

याच फाइलींतून थोडं विज्ञान

ताण न दिलेल्या, एकाच जाळीवर बसवलेल्या एफ४७०एनमधून एफ४४४डब्ल्यू वजा करा. दोन्हींची एकक सारखी असल्याने वजाबाकी थेट चालते. ताऱ्यांचा बराचसा प्रकाश जातो आणि रेण्वीय हायड्रोजन उजळ राहतो. कड्याच्या आतल्या धुळीत लहानशा धनुष्याकृती कमानी आणि एका रेषेत मांडलेल्या गाठी दिसतात. नवजात ताऱ्यांनी बाहेर फेकलेले वायूचे झोत भोवतालच्या वायूवर आदळतात, त्या या खुणा. खगोलशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये याच फिल्टरच्या साहाय्याने या परिसरात आधी माहीत नसलेले सुमारे दोन डझन झोत शोधले. वजाबाकीत ताऱ्यांच्या जागी काळी-पांढरी कडी उरतील, तिकडे लक्ष देऊ नका. दोन फिल्टरमध्ये ताऱ्याचा आकार किंचित वेगळा असल्याने ती येतात.

साठवण आणि श्रेय

थरांसह मूळ फाइल जपा, तिची सोळा-बिट टिफ प्रत काढा आणि दाखवण्यासाठी वेगळी जेपेग. सोबत साध्या मजकुराच्या फाइलीत प्रस्ताव क्रमांक, सहाही फाइलींची पूर्ण नावं, प्रक्रियेची आवृत्ती, ताणाचे तीन-तीन आकडे आणि थरांची अपारदर्शकता लिहून ठेवा. चित्र प्रसिद्ध करताना नासा, ईसा, सीएसए या अवकाश संस्थांचं आणि दुर्बीण चालवणाऱ्या एसटीएससीआयचं श्रेय द्या, त्यापुढे 'प्रक्रिया' म्हणून स्वतःचं नाव घाला आणि कोणत्या फिल्टरला कोणता रंग दिला तेही लिहा.

पुढच्या चित्रासाठी प्रस्ताव २७३३ मधला सदर्न रिंग तेजोमेघ आकाराने आटोपशीर आहे. सर्पिल दीर्घिका हवी असेल तर २१०७ मध्ये मिरीने घेतलेली एनजीसी ६२८ पाहा. चारही फिल्टरचा पिक्सेल सुमारे ०.११ आर्कसेकंदाचा असल्याने जुळवणीचा त्रास जवळजवळ नाही. फक्त २१ मायक्रॉनच्या थरातले तारे ७.७ मायक्रॉनच्या थरातल्यांपेक्षा सुमारे अडीचपट पसरट दिसतील, तो दोष नाही. गुरू ग्रह मात्र सुरुवातीला घेऊ नका. तो दहा तासांच्या आत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे एका फिल्टरमधले ढगांचे पट्टे दुसऱ्या फिल्टरपर्यंत सरकलेले असतात आणि आधी प्रत्येक प्रतिमा ग्रहाच्या नकाशावर उलगडून घ्यावी लागते.